भैरूच्या आठ कांड्या

“ताई, तुमच्याकडे लिक्विड नायट्रोजन मिळेल का?”

मी तेव्हा दवाखान्याच्या अंगणात, खोड्यात अडकवलेल्या गाईत खांद्यापर्यंत हात घालून उभी होते. अशा वेळी कुणी पाठीमागून बोललेलं मला आवडत नाही, आणि गाईला तर अजिबात आवडत नाही. तिनं पाय उगारला. बोलणारा माणूस एक ॲल्युमिनियमचा कॅन पोटाशी कवटाळून तसाच उभा.

“आधी बाजूला व्हा!” मी ओरडले. “लाथ बसली तर नायट्रोजन नाही, हळदीचा लेप लागेल.”

“सॉरी,” तो म्हणाला. मला नाही, गाईला.

हे डॉक्टर मिहिर दामले. पुण्याचे, तिशीचे, चष्मेवाले. कॅनच्या झाकणातून पांढरी वाफ नुसती धुमसत होती, आणि त्यांचा चेहरा घरात कुणी अत्यवस्थ असावं तसा झाला होता.

“एसटीत एक आजी ह्याच्यावर बसल्या,” ते म्हणाले. “मी म्हटलं, आजी, हे स्टूल नाही. त्या म्हणाल्या, मग तू बस. शिरूरपासून बसून होत्या. ह्याची मान वाकलीय. तासाभरात आतलं सगळं उडून जाईल.”

“आत आहे काय?”

“भैरूच्या कांड्या.”

आता इथं मला माझं काम सांगायला हवं. मी विमल शेळकंदे, पिंपळदऱ्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. गाई-म्हशी भरवायच्या, हेच मुख्य काम. वळूचं रेत बारीक नळीत भरून गोठवलेलं असतं, तिला आम्ही कांडी म्हणतो. ती नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये बुडवून ठेवायची आणि जनावर माजावर आलं की कोमट पाण्यात उतरवून वापरायची. सुरुवातीला गावाला मोठी पंचाईत झाली. बाई हे काम करणार? बाप्ये यायचे, आभाळाकडं बघायचे आणि म्हणायचे, “बाई, गाय जरा… बरी नाही.” मी म्हणायची, “माजावर आलीय म्हणा की! लाजायला तुमचं लग्न आहे का?” सतरा वर्षांत सगळ्यांची लाज मोडली. माझा हात लागला की गाय गाभण राहते, असं अख्खा तालुका म्हणायचा. मीही म्हणायची, आणि तालुक्यापेक्षा जरा मोठ्यानं.

भैरू मात्र वळू नव्हता. तो वाघाटीचा नर होता. वाघाटी म्हणजे रानमांजराहूनही लहान, अंगावर गंजाचे ठिपके असलेलं जंगली मांजर. दामले एका प्रयोगशाळेत ह्याच प्राण्यांच्या पैदाशीवर काम करत होते. आमच्या गावाबाहेर वनखात्याचं अनाथ प्राण्यांचं केंद्र होतं, तिथं चिंगी नावाची वाघाटीण होती. ऊसतोडीत सापडली तेव्हा मुठीएवढी होती, तरी बिबट्याचं पिल्लू म्हणून सगळा फड कोयते टाकून पळाला होता.

“भैरू होळीच्या सुमारास गेला,” दामले म्हणाले. “पिंजऱ्यात वाढवलेल्या आमच्या बाकीच्या वाघाट्या सगळ्या एकमेकांच्या चुलत-मावस आहेत. पिल्लं अशक्त निघतात. भैरू तेवढा बाहेरचा, जंगलातून आलेला. आठ कांड्या राहिल्यात. गुरुवारी दुपारी दोन वाजता चिंगीला भरवायची. तिची इंजेक्शनं सुरू झालीत, आता वेळ पुढं-मागं करता येत नाही.”

“म्हणजे पाहुण्यांतलं स्थळ नको, बाहेरचं हवं.”

“अगदी तसंच, ताई.”

मला तो माणूस आवडला. माझ्या कंटेनरमध्ये सहा डबे टांगलेले असत. एकात खिलार, दुसऱ्यात जर्सी, तिसऱ्यात होल्स्टिन, चौथ्यात मुऱ्हा, पाचव्यात पंढरपुरी. सहावा रिकामा होता. भैरूच्या आठही कांड्या फडक्याच्या पिशवीत बांधल्या आणि त्यात सोडल्या. कांड्या करड्या होत्या, आमच्याकडं येणाऱ्या मुऱ्ह्याच्या असतात तशाच. नळ्या शेवटी एकाच कारखान्यातल्या.

“पातळी एकदा बघू या का?” दामल्यांनी भीतभीत विचारलं. “काठी बुडवून?”

“डॉक्टर, कालच गाडी येऊन भरून गेलीय. सतरा वर्षं हा कंटेनर सांभाळतेय मी. आईला विचारता का कधी, भातात पाणी घातलंस का म्हणून?”

ते चिंगीकडं गेले. हा मंगळवार.

बुधवारी आमचा बाजार. गुरुवारी सकाळी नऊला दामले कांड्या न्यायला आले. मी सहावा डबा वर ओढला. पिशवी सुटलेली. आत दोन कांड्या.

“गेनूमामा!” मी अशी हाक मारली की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले.

गेनूमामा आमचे परिचर. निवृत्तीला आलेले, कुणालाही नाही म्हणता न येणारे. ते धोतराला हात पुसत आले.

“सहाव्या डब्यातलं कुणी काढलं?”

“आबांनी नेलं की. मंगळवारी सांजच्याला. तुम्ही फेरीवर होता.”

“नेलं? आणि तुम्ही दिलं?”

“आबा म्हणले, गेनू, खास माल काढ. मी म्हणलं, नाही. त्यांनी झाकण काढून डबे वर ओढले, म्हणले, मग सहाव्यात फडक्यात काय बांधलंय? आता दिसत होतं त्याला नाही कसं म्हणू? त्यांना सहा दिल्या, दोन राखल्या. दुसरं कुणी मोठं माणूस आलं तर असाव्यात म्हणून.”

कपाळावर हात मारून घेतला मी. चूक गेनूमामाची नव्हतीच म्हणा. प्रत्येक दवाखान्यात एक डबा असतो, त्यात नावाजलेल्या वळूच्या चार कांड्या आमदार-सभापतींच्या माणसांसाठी दडवलेल्या असतात. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. आणि बबनआबा टेमगिरे म्हणजे साखर कारखान्याचे माजी संचालक, चौदा मुऱ्हा म्हशींचे धनी. छापील नाव नसलेली, फडक्यात बांधलेली करडी कांडी बघितल्यावर त्यांनी काय समजायचं?

“म्हणजे भैरू… म्हशीत?” दामल्यांनी विचारलं.

“चला,” मी म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

आबा गोठ्यात होते. पांढरा सदरा, कडक टोपी, हातात लाकडी काठी. त्यांचा स्वतःचा कंटेनर होता, तालुक्यात खाजगी असा एकच. त्यात ते सकाळ-संध्याकाळ काठी बुडवून पातळी बघायचे आणि जरा खाली गेली की माणूस पाठवून भरून आणायचे. आम्ही दवाखान्यातले हसायचो. आबा देवाला नैवेद्य चुकवतील, कंटेनरला नाही.

“आबा, गेनूमामानं दिलेल्या कांड्या परत द्या,” मी म्हणाले. “त्या म्हशीच्या नाहीत.”

“मग कुणाच्या?”

“मांजराच्या.”

आबा हसले. इतके हसले की टोपी सरकली. “अगं ए, ऐकलंस का!” त्यांनी घराकडं तोंड करून बायकोला हाक मारली. “बाई म्हणत्यात, मी म्हशीला मांजर भरवलं!” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “बाई, खोटं बोला, पण जरा पटंल असं तरी बोला.”

“आबासाहेब, वाघाटी आहे ती,” दामले पुढं झाले. “तिचं वजन साधारण दीड किलो असतं.”

“दीड किलोच्या जनावरासाठी पुण्याहून डॉक्टर येतो? ते फडक्यात बांधून सहाव्या डब्यात लपवत्यात? कुणाला पाठवायचा होता हा माल? आमदाराच्या मेव्हण्याला ना?”

“नाही हो! मी हात जोडतो. हे जगात दुसरीकडे कुठंही मिळणार नाही!”

मी डोळे मिटून घेतले. आबांचे डोळे लकाकले.

“आत्ता कसं खरं बोललात! परवा एक भरवली सुंदरीला. राणी आज सकाळपासून सोट टाकतीय, माजावर आलीय. तिलाबी भरवतो, तुमच्या म्होरं.”

“आबा, थांबा!” मी म्हणाले, पण त्यांनी कांडी काढलीसुद्धा. ते स्वतः भरवायला शिकले होते, माझ्याकडंच. कांडी कोमट पाण्यात टाकली. दामले डोळे विस्फारून बघत होते आणि ओठांत आकडे मोजत होते.

“पाणी सदतीस अंशांवर आहे ना?” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“अहो, तुम्ही कुणाच्या बाजूचे?” मी खेकसले.

“सवय हो, ताई.”

आबांनी राणीला भरवली. दीड किलोच्या भैरूच्या इस्टेटीचा आठवा हिस्सा सहाशे किलोच्या म्हशीत गेला. राणी शांतपणे रवंथ करत होती. दामले वैरणीच्या पेंढीवर मटकन बसले. दहा वाजून गेले होते. चार कांड्या आबांच्या कंटेनरमध्ये, आणि आम्ही जितकं मागू तितका हा बाबा त्या घट्ट धरणार. मग मी मागणंच सोडलं.

“बरं आबा, ठेवा तुम्हालाच,” मी म्हणाले आणि पिशवीतून रेतनाची वही काढली. “फक्त इथं सही करा.”

“कशावर?”

“दोन म्हशींच्या पंचनाम्यावर. डॉक्टर, तुमचं ते वनखात्याचं पत्र द्या इकडं. शिक्क्याचं. आणि सांगा ह्यांना, वाघाटी कायद्यानं कशात येते?”

“पहिल्या अनुसूचीत,” दामले पेंढीवरूनच म्हणाले. “वाघ येतो त्याच.”

“ऐकलंत? म्हणजे ते रेत ज्या पोटात गेलं, ते पोट आता वनखात्याचं. सुंदरी आणि राणी आजपासून वन्यजीव. दहा महिने वेसण नाही, दावं नाही. गोठ्याला जाळी मारायची. रोज गार्ड येऊन बघून जाईल. आणि दूध काढायचं तर आधी अर्ज.”

“दुधाला अर्ज?”

“पिल्लाच्या वाट्याचं असतं ते.”

वनखातं म्हटलं की आमच्याकडं भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. बिबट्यानं शेळी नेली तर माणूस आधी शेळीला रडत नाही, आता पंचनामा होणार म्हणून रडतो. आबांनी शिक्का निरखून पाहिला. मग माझ्याकडं संशयानं बघितलं आणि दामल्यांपुढं जाऊन उकिडवे बसले.

“साहेब, तुम्ही बामनाचं लेकरू, खरं सांगा. म्हशीच्या पोटी मांजर होतं का?”

“छे! शास्त्रीयदृष्ट्या अशक्य आहे.”

ह्या माणसाला आता इथंच पुरावं, असं मला वाटलं.

“मग तुमचं तोंड असं का झालंय?”

“कारण तो मेला हो,” दामले म्हणाले, आणि त्यांचा चष्मा ओला झाला. “भैरू. सात वर्षं होता माझ्याकडे. माझ्या हातून कोंबडीचं काळीज खायचा. आता त्याचं जगात एवढंच आहे, ह्या नळ्यांत. त्यातलं तुम्ही दोनदा म्हशीत घातलंत.”

आबांच्या बायको, अनसाकाकू, कधीच्या दारात येऊन उभ्या होत्या.

“अहो, द्या त्याचं त्याला,” त्या म्हणाल्या. “मेलेल्याचं दाबून ठेवू नये घरात. आपल्यालाबी लेकरं-बाळं हाईत.”

कशानं काम झालं ते देव जाणे. माझ्या पंचनाम्यानं, दामल्यांच्या डोळ्यांतल्या पाण्यानं की काकूंच्या बोलण्यानं. मी पुढं जन्मभर सांगत आले की पंचनाम्यानं. आबा उठले. एक लहान कॅन आणून त्यात त्यांनी आपल्या हातानं नायट्रोजन ओतला, काठी बुडवून पातळी बघितली आणि चारही कांड्या त्यात सोडल्या.

“उघड्यावर नेऊ नका, बाई. गरम झालं तर जीव जाईल त्यातला.”

“मला शिकवता, आबा?” मी म्हणाले. “चला, डॉक्टर.”

दोनला चिंगी टेबलावर होती, भूल देऊन झोपवलेली. पोटावरचे केस काढलेले, जीभ बाहेर. केवढी ती! माझ्या दोन ओंजळींत मावली असती. म्हशीच्या पोटात हात घालून आयुष्य गेलेल्या मला तिला बोट लावायची भीती वाटत होती. दामल्यांचा हात मात्र आता स्थिर होता. आधी त्यांनी माझ्या कंटेनरमधल्या दोन कांड्या उतरवल्या, थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

त्यांनी डोळा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाले, “ताई, तुम्ही बघता?”

मी बघितलं. काहीही हलत नव्हतं. दुसरीचंही तेच.

“गेलं,” ते पुटपुटले. “सगळं गेलं.”

“आबांच्या बघा.”

त्यांनी आबांकडची पहिली उतरवली. डोळा लावला आणि ओरडले, “ताई!” मी त्यांना ढकलूनच बघितलं. नुसती झुंबड! जत्रेत दार उघडल्यावर माणसं घुसतात तशी. चारही कांड्या तशाच. दामल्यांनी चिंगीच्या पोटाला बारीक छेद देऊन नळीनं ते आत सोडलं, टाके घातले आणि घाम पुसला. मग ते माझ्याकडं वळले.

“एक कळत नाही. एकच नर, एकाच दिवशी गोठवलेल्या कांड्या. दोन ठार मेलेल्या आणि चार अशा जिवंत. असं कसं?”

मला ते एका क्षणात कळलं. सोमवारी नायट्रोजनची गाडी आली तेव्हा मी सभापतींच्या माणसाशी गप्पा मारत होते. ड्रायव्हर म्हणाला, भरलंय, आणि मी सही केली. काठी बुडवली नाही. बुधवारी बाजारात अकरा गाई भरवल्या तेव्हा झाकण काढल्यावर वाफ आली नव्हती. उकाडा आहे म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं. गेनूमामांनी आबांना त्या सहा दिल्या नसत्या, तर आठच्या आठ माझ्याच कंटेनरमध्ये मेल्या असत्या.

“असतं असं कधी कधी,” मी म्हणाले. “नशिबाचा भाग.”

दामल्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढं त्यांनी एक शोधनिबंध लिहिला, त्यात एकाच नराच्या कांड्यांमधल्या अनाकलनीय फरकावर एक अख्खा परिच्छेद आहे. शेवटी माझे आभार मानलेत. आमच्या घरी तो फ्रेम करून लावलाय, माझ्या सुनेनं.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यात दार लावून काठी बुडवली. कोरडी ठाक. कुणाला न सांगता स्वतः जाऊन नायट्रोजन आणला. तीन आठवड्यांनी बुधवारच्या अकराच्या अकरा गाई उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. मालकांना सांगितलं, चाऱ्यात खनिजं कमी पडतायत. त्यांनी बिचाऱ्यांनी खनिजांच्या पिशव्या आणल्या.

आबांच्या सुंदरी आणि राणीही उलटल्या, पण त्यांचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ते मीच सांगत होते. प्रत्येक खोड्यापाशी, तिखटमीठ लावून. पोरं आबांना बघितलं की म्याव करायची. ग्रामसभेत कुणीतरी विचारलं, आबा, जाळी कधी मारताय? पन्नास वर्षं ज्या माणसानं गावात मान खाली घातली नव्हती, तो बाजारच्या दिवशी मळ्यातून बाहेर पडेना.

अडुसष्टाव्या दिवशी चिंगीला दोन पिल्लं झाली. दामल्यांनी मला फोटो पाठवला. तो मी दवाखान्यात सगळ्यांना दाखवत होते, तेवढ्यात आबा आले. कितीतरी दिवसांनी. चार शेतकरी होते, गेनूमामा होते. कुणीतरी खुदकन हसलं. आबांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी फोटो हातात घेतला, डोळ्यांशी नेला, लांब धरला.

“दोन्ही जगली?”

“जगली.”

“बाई, एक विचारू? दोन दिवस माझ्याकडं होतं ते. माझ्या हेकटपणानं. त्यानं ह्या लेकरांत काही उणं नाही ना आलं? डोळ्यानं, पायानं?”

लोक हसायचे थांबले होते. एका वाक्याचं काम होतं. आबा, तुमच्याकडं राहिलं म्हणून तर ही जन्माला आली. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण ते म्हटलं तर त्याच्यामागून कोरडा कंटेनर आला असता, अकरा गाई आल्या असत्या, आणि समोर त्यातल्याच तिघींचे मालक उभे होते. मला तेव्हा स्वतःची अशी लाज वाटली, आजही वाटते. आबा जाऊन नऊ वर्षं झाली.

“नाही आलं,” मी म्हणाले. “वेळेत परत आणलं म्हणून वाचलं.”

“उपकार झाले, बाई,” आबा म्हणाले. त्यांनी टोपी काढली आणि सगळ्यांदेखत मला हात जोडले. मी जोडू दिले.